शैक्षणिक सीव्हीत शिकवण्याचा अनुभव कसा मांडावा?

निळीशाई

नमस्कार मंडळी,

पीएचडीचा प्रबंध सादर झालाय आणि विद्यापीठांतल्या जागांसाठी अर्ज करायला सुरुवात केली आहे. सीव्हीतला संशोधनाचा भाग पटकन झाला. शोधनिबंध, परिषदा, शिष्यवृत्त्या यांचे साचे ठरलेले आहेत, नमुनेही भरपूर मिळतात. शिकवण्याच्या अनुभवाशी मात्र गाडी अडली आहे.

माझा विषय जैवसांख्यिकी. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या एका कोर्सला बरीच सेमिस्टर टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे प्राध्यापकांची अध्यापन सहायक) होते, त्यात ट्युटोरियल घेणं आणि उत्तरपत्रिका तपासणं दोन्ही आलं. दुसऱ्या एका कोर्सचे प्राध्यापक मध्येच रजेवर गेले, तेव्हा उरलेला अर्धा कोर्स मी घेतला, परीक्षेचे प्रश्नही काढले, पण विद्यापीठाच्या नोंदीत नाव त्यांचंच राहिलं. याशिवाय कॉम्प्युटर लॅबची प्रॅक्टिकल्स, एकदोन गेस्ट लेक्चर्स, संशोधक विद्यार्थ्यांसाठी घेतलेली सॉफ्टवेअरची कार्यशाळा, आणि एका एमएस्सीच्या मुलीच्या प्रकल्पाला केलेलं मार्गदर्शन (गाईड म्हणून नाव अर्थातच सरांचं). पीएचडीच्या आधी काही काळ शाळेत गणितही शिकवलंय.

सध्या हे सगळं 'शिकवण्याचा अनुभव' या एकाच मथळ्याखाली तारखांप्रमाणे लावलंय. वाचायला घेतलं की सगळं सारख्याच वजनाचं वाटतं. तासाभराचं गेस्ट लेक्चर आणि अर्धा कोर्स शेजारीशेजारी. वेगवेगळे मथळे करावेत का? केले तर कोणत्या निकषावर? काही अर्ज संशोधनप्रधान जागांचे आहेत, काही निव्वळ अध्यापनाच्या. दोन्हीकडे एकच सीव्ही चालेल का?

तळटीप

निवड समित्यांवर बसायची वेळ येते, म्हणून त्या बाजूने लिहितो.

पहिल्या चाळणीत एका अर्जाला फार वेळ मिळत नाही. शिकवण्याच्या भागात माझी नजर एकच गोष्ट शोधते: या व्यक्तीच्या हातात नक्की काय होतं? अभ्यासक्रम कुणी आखला, वर्ग कुणी घेतला, प्रश्नपत्रिका कुणी काढली, गुण कुणी दिले आणि निकालाला जबाबदार कोण. तुमच्या यादीतून हे कळत नसेल तर मी अंदाज बांधतो, आणि तो उमेदवाराच्या बाजूने क्वचितच असतो. म्हणून मथळे जबाबदारीच्या पातळीवर करा.

सर्वांत वर स्वतंत्र किंवा मुख्य जबाबदारीने शिकवलेले कोर्स. त्याखाली सहायक म्हणून केलेलं काम: टीए, ट्युटोरियल, प्रॅक्टिकल्स. मग विद्यार्थ्यांना मार्गदर्शन. मग कार्यशाळा आणि इतर. एखाद्या मथळ्याखाली एकच नोंद येत असेल तर तो शेजारच्यात मिसळा. एका ओळीसाठी मथळा केला की पान रिकामं दिसतं.

तुमच्या अर्ध्या कोर्सबद्दल. उत्तर अमेरिकेत 'इन्स्ट्रक्टर ऑफ रेकॉर्ड' ही गोष्ट फार मानतात. विद्यापीठाच्या दफ्तरी कोर्सची जबाबदारी ज्याच्या नावावर, तो. तुम्ही तो नव्हता, त्यामुळे तसं भासेल असं काहीही लिहू नका. पण जे केलं ते पूर्ण लिहा: 'प्राध्यापक रजेवर असताना कोर्सच्या उत्तरार्धातील सर्व व्याख्याने घेतली, अंतिम परीक्षेचे त्या भागावरील प्रश्न काढले व तपासले.' हे वाक्य खरं आहे आणि माझ्या लेखी टीएच्या कित्येक सेमिस्टरांपेक्षा जड आहे. ते यादीच्या मध्यात बुडू देऊ नका.

पानगळ

वाखूण साठवली. मीही याच टप्प्यावर आहे, त्यामुळे बारकाईने वाचतेय.

रेघोट्या

तळटीप यांच्याशी थोडा असहमत. मी तारखांप्रमाणे आणि संस्थेप्रमाणे लावण्याच्या बाजूचा आहे.

कारण साधं आहे. बऱ्याच ठिकाणी अनुभव वर्षांत मोजला जातो. भारतात यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या शॉर्टलिस्टिंगसाठी अध्यापनाच्या किंवा पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) प्रत्येक वर्षाला २ गुण आहेत, कमाल १०, आणि वर्षापेक्षा कमी काळ असेल तर त्या प्रमाणात कमी. म्हणजे तिथे छाननी करणाऱ्याला कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कुठे, कोणत्या पदावर, एवढंच हवं. मथळ्यांमध्ये अनुभव वाटून टाकला की एकाच संस्थेतला काळ तीन ठिकाणी विखुरतो आणि त्याची बेरीज वाचणाऱ्याला करावी लागते. बेरीज चुकली तर नुकसान तुमचं.

तळटीप

@रेघोट्या, मुद्दा रास्त आहे, पण यातून दोन्ही साधतं. नेमणुका वेगळ्या आणि शिकवलेले कोर्स वेगळे. सीव्हीच्या सुरुवातीला 'पदे' असा छोटा भाग, त्यात पदनाम, संस्था, महिना-वर्ष ते महिना-वर्ष, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर. वर्षं मोजणारा तिथे मोजेल. शिकवण्याच्या भागात मग जबाबदारीप्रमाणे मथळे, आणि प्रत्येक मथळ्याखाली अलीकडचं आधी.

रेघोट्या

हे पटलं. 'पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर' हे प्रत्येकाने लिहायलाच हवं. मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो.

अर्धविराम

निळीशाई, टीएची प्रत्येक सेमिस्टर वेगळ्या ओळीत लिहिली आहे का? असेल तर आधी ती एकत्र करा. मी सहकाऱ्यांचे सीव्ही तपासून देते आणि सर्वांत जास्त जागा याच गोष्टीत वाया गेलेली दिसते.

बहुतेकांचं असं असतं:

टीए, स्टॅट १०१, पहिली सेमिस्टर
टीए, स्टॅट १०१, दुसरी सेमिस्टर
टीए, स्टॅट १०१, तिसरी सेमिस्टर

यातून मला काहीच कळत नाही. कोर्सचा क्रमांक त्या विद्यापीठाच्या बाहेर कुणाला ठाऊक नसतो. त्याऐवजी एकच नोंद करा:

जैवसांख्यिकीची तोंडओळख (पदवी, प्रथम वर्ष), टीए, अमुक ते तमुक वर्ष, प्रत्येक सेमिस्टरला. आठवड्याला अमुक ट्युटोरियल, प्रत्येक गटात सुमारे इतके विद्यार्थी. सरावाचे प्रश्नसंच स्वतः तयार केले, सत्रांत परीक्षेचे मूल्यमापन केले.

कोर्सचं पूर्ण नाव, पातळी, वर्गाचा आकार, तुमचं काम. यातली पातळी आणि आकार लोक हटकून विसरतात. पंधरा जणांचा पदव्युत्तर वर्ग आणि तीनशे जणांचा प्रथम वर्षाचा वर्ग सांभाळायला वेगवेगळी कौशल्यं लागतात. समितीला आपल्याकडच्या गरजेशी जुळवून बघायचं असतं.

क्रियापदं नेमकी वापरा. 'सहभाग घेतला', 'मदत केली', 'जबाबदारी पार पाडली' यातून काम दिसत नाही. आखला, घेतला, काढली, तपासल्या, बदलला, अशी लिहा.

चंचुपात

गेस्ट लेक्चर सरळ काढून टाका. मित्राच्या वर्गावर जाऊन एक तास बोलणं म्हणजे अध्यापनाचा अनुभव नव्हे. यादी लांबवण्यासाठी टाकलंय हे लगेच दिसतं.

सोनचाफा

@चंचुपात, सरसकट नाही. अर्ज करणाऱ्याकडे स्वतंत्र कोर्स नसेल तर पूर्ण वर्गासमोर तासभर उभं राहून एखादा विषय उलगडून सांगितल्याचा तेवढाच पुरावा असतो. माझ्या पहिल्या अर्जात दोन गेस्ट लेक्चर्स होती आणि मुलाखतीत त्यातल्याच एकाबद्दल विचारलं: 'हा विषय तुम्ही पदवीच्या मुलांना कसा समजावला?' त्या प्रश्नावर मी भरभरून बोलले.

स्वतंत्र कोर्स जमा होतील तशी ती काढत जायची. आणखी एक काळजी घ्या. दुसऱ्या विभागात दिलेलं संशोधनावरचं व्याख्यान हे 'निमंत्रित व्याख्याने' या भागात जातं, गेस्ट लेक्चरमध्ये नाही. श्रोते कोण होते आणि विषय अभ्यासक्रमातला होता की तुमच्या संशोधनातला, यावर ते ठरतं. एकच व्याख्यान दोन्हीकडे लावलेलं मी पाहिलंय, आणि वाचणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो.

चंचुपात

मान्य. तुमचा तो प्रश्नाचा अनुभव वाचून मत बदललं. सुरुवातीच्या उमेदवाराने ठेवावीत, पण विषयासह आणि कोणत्या कोर्ससाठी ते लिहून. नुसतं 'गेस्ट लेक्चर, २ वेळा' नको.

काचनळी

प्रयोगशाळेच्या वतीने बोलायला आले आहे! प्रॅक्टिकल्सना लोक यादीच्या तळाशी 'इतर'मध्ये ढकलतात. विज्ञानात निम्मं शिकणं तिथेच होतं. लॅबमध्ये शिकवणारा प्रयोग आधी स्वतः करून बघतो, सुरक्षिततेचे नियम समजावतो, एका टेबलावर कुणाचं वाचन चुकलंय आणि दुसऱ्यावर कुणाला मुळात प्रयोगच कळला नाहीये हे एकाच वेळी ओळखतो, जर्नल तपासतो. हे सगळं लिहा. निळीशाई, तुमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तुम्ही नवी उदाहरणं किंवा सूचनापुस्तिका तयार केली होती का? केली असेल तर ती ओळ टीएच्या सगळ्या ओळींच्या वर जायला हवी. जिथे तुम्ही नवीन काही घडवलं ते आधी.

निळीशाई

@काचनळी, हो, लॅबची पूर्ण पुस्तिका नव्याने लिहिली होती आणि ती विभागात अजून वापरतात. सीव्हीत त्याचा उल्लेखच नाहीये. शिकवण्यात धरायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

काचनळी

धरायचंच! 'तयार केलेले अध्यापन साहित्य' असा स्वतंत्र मथळाही चालतो. 'विभागात अजून वापरात' हे शब्द नक्की टाका.

दीपमाळ

मार्गदर्शनाबद्दल लिहिते, कारण याची मांडणी फार नाजूक आहे.

अधिकृत गाईड, अधिकृत को-गाईड आणि रोजचं प्रत्यक्ष मार्गदर्शन या तीन वेगळ्या भूमिका आहेत. तिसरीला कागदावर नाव नसतं, पण प्रयोगशाळेत ती कोण करतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे 'एमएस्सी प्रकल्पाचे दैनंदिन मार्गदर्शन (अधिकृत मार्गदर्शक: विभागातील प्राध्यापक)' असं स्पष्ट लिहायला काही हरकत नाही. प्रकल्पाचा विषय लिहा, कालावधी लिहा. त्या कामातून विद्यार्थिनीचा शोधनिबंध किंवा परिषदेत पोस्टर झालं असेल तर तेही.

विद्यार्थिनीचं नाव मात्र तिला विचारल्याशिवाय टाकू नका. पदवीच्या मुलांची नावं टाकायची गरजच नसते, पातळी आणि विषय पुरतो. पीएचडी विद्यार्थ्यांची नावं देण्याची प्रथा आहे, कारण त्यांचे प्रबंध सार्वजनिक असतात.

हा भाग शिकवण्याखाली की संशोधनाखाली? दोन्हीकडे बघितलाय. संशोधनप्रधान जागांच्या अर्जात मी 'मार्गदर्शन' हा वेगळा मथळा करून दोन्हींच्या मध्ये ठेवते. तिथून तो दोन्ही बाजूंना जोडून वाचला जातो.

कोराकागद

विद्यार्थ्यांच्या फीडबॅकचे आकडे टाकावेत का? माझे चांगले आहेत, ५ पैकी ४.६ वगैरे. टाकायचा मोह होतो.

रेघोट्या

टाका की. चांगले आहेत तर लपवायचे कशाला?

मृगजळ

मी टाकणार नाही, आणि कारण सविस्तर सांगते.

नुसता '४.६' हा आकडा वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. किती मुलांपैकी कितींनी फॉर्म भरला, विभागाची सरासरी किती, प्रश्न काय होता? ४० पैकी सहाच जणांनी भरलेला ४.६ कुणालाच उपयोगी नाही. विभागाची सरासरी ४.७ असेल तर तो आकडा तुमच्या विरोधात जातो.

दुसरं, हे गुण शिकवण्याचा दर्जा मोजतात का यावरच मोठा वाद आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ऑनलाइन कोर्सच्या दोन शिक्षकांनी, एक स्त्री आणि एक पुरुष, प्रत्येकी एका गटाला स्वतःच्या ओळखीने शिकवलं आणि एका गटाला दुसऱ्याच्या. वर्ग लहान होता, पण निकाल बोलका: प्रत्यक्षात कुणीही शिकवत असो, पुरुषाच्या नावाला गुण जास्त पडले. तपासलेलं काम सगळ्यांना एकाच वेळी परत मिळत होतं, तरी तत्परतेचे गुणसुद्धा स्त्रीच्या नावाला कमी. २०१७ मध्ये आधीच्या अभ्यासांचं एकत्रित फेरविश्लेषण झालं, त्यात फीडबॅकचे गुण आणि विद्यार्थी प्रत्यक्ष किती शिकले यांत संबंध आढळला नाही. जुन्या अभ्यासांत दिसणारा संबंध मुख्यतः लहान नमुन्यांमुळे होता. २०१८ मध्ये कॅनडात टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठाच्या (आता त्याचं नाव टोरांटो मेट्रोपॉलिटन आहे) प्रकरणात लवादाने निर्णय दिला की बढती आणि कायम नेमणुकीसाठी अध्यापनाची परिणामकारकता मोजायला हे गुण वापरू नयेत.

मग एखाद्या उमेदवाराच्या सीव्हीच्या मध्यावर हा आकडा ठळक करून का ठेवायचा? ज्यांना मागायचा असतो ते मागतात.

तळटीप

मृगजळ यांना पूर्ण अनुमोदन. भर एवढीच: काही जाहिरातींत 'अध्यापनाच्या परिणामकारकतेचा पुरावा' जोडायला सांगतात. तिथे आकडे अध्यापन पोर्टफोलिओत (शिकवण्याच्या पुराव्यांची वेगळी फाइल) जातात, संदर्भासह: प्रतिसादाचं प्रमाण, विभागाची सरासरी, सलग काही सेमिस्टरचा कल. शिवाय सहकाऱ्याने वर्गात बसून लिहिलेलं निरीक्षण, तुम्ही काढलेली एखादी प्रश्नपत्रिका, अभ्यासक्रमात केलेला बदल आणि त्यामागचं कारण. सीव्हीत फक्त 'अध्यापन पोर्टफोलिओ मागणीनुसार उपलब्ध' ही ओळ.

अध्यापनाचं पारितोषिक मिळालं असेल तर ते मात्र सीव्हीत येतं, नाव, देणारी संस्था आणि वर्ष यांसह.

कोराकागद

पटलं. आकडा काढतो. प्रतिसादाचं प्रमाण तर मी बघितलंच नव्हतं.

हिवाळी

ब्रिटनमध्ये अर्ज करणाऱ्यांसाठी: तिथे अ‍ॅडव्हान्स एचई या संस्थेच्या फेलोशिपला (शिष्यवृत्ती नव्हे, अध्यापनाच्या कौशल्याची मान्यता) महत्त्व आहे. असोसिएट फेलो, फेलो, सीनियर फेलो, प्रिन्सिपल फेलो अशा चार पायऱ्या. बऱ्याच लेक्चररपदांच्या जाहिरातींत 'फेलो आहे किंवा मिळवण्याची तयारी आहे' अशी अट दिसते. टीए आणि प्रॅक्टिकल्स करणाऱ्या पीएचडी विद्यार्थ्यांना असोसिएट फेलोसाठी अर्ज करता येतो.

मांडणीच्या दृष्टीने: असं प्रमाणपत्र किंवा अध्यापन-प्रशिक्षण हे 'शिकवण्याचा अनुभव' यात मिसळू नका. घेतलेलं शिक्षण एकीकडे, दिलेलं दुसरीकडे. 'अध्यापनाची पात्रता व प्रशिक्षण' असा लहान मथळा अनुभवाच्या लगेच वर किंवा खाली. नेदरलँड्समध्ये बीकेओ हे प्रमाणपत्र असतं, तेही इथेच.

उंबरझाड

जर्मनीची भर. इथे शिकवण्याचा भार 'एसडब्ल्यूएस' मध्ये मोजतात, म्हणजे व्याख्यानांच्या काळात दर आठवड्याला ४५ मिनिटांचे किती तास. यादीत प्रत्येक कोर्ससमोर तो आकडा अपेक्षित असतो. व्याख्यान, सेमिनार, सराववर्ग की प्रयोगशाळा, हा प्रकारही लिहितात.

एक गफलत नेहमी दिसते म्हणून सांगतो: युरोपातले ईसीटीएस क्रेडिट हे विद्यार्थ्याच्या श्रमाचं माप आहे. वर्षाला ६० क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तास, त्यात घरी केलेला अभ्यासही आला. शिक्षक वर्गात किती वेळ होता ते त्यातून कळत नाही. म्हणून '६ क्रेडिटचा कोर्स' एवढ्यावर थांबू नका, वर्गातले तास लिहा. देश बदलला तरी तास सगळ्यांना कळतात.

पानगळ

@उंबरझाड, हे फार उपयोगी. मी सगळीकडे क्रेडिटच लिहिले होते, आज बसून तास काढते.

घोटीव

शाळेत शिकवलेल्या वर्षांबद्दल कुणी बोललं नाही अजून. मी विद्यापीठात यायच्या आधी शाळेत शिक्षक होतो. मला एकाने 'काढून टाक, शैक्षणिक सीव्हीत ते शोभत नाही' असं सांगितलं होतं. मी ठेवलं, आणि ते ठेवल्याचा मला अभिमान आहे. वर्ग सांभाळणं, न समजलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरून ओळखणं, एकच गोष्ट निरनिराळ्या वाटांनी सांगणं, हे मी तिथे शिकलो. प्रथम वर्षाचे मोठे वर्ग ज्या विभागांना चालवायचे असतात त्यांना याची किंमत कळते.

फक्त मथळे वेगळे: 'उच्च शिक्षणातील अध्यापन' आणि 'शालेय अध्यापन'. उच्च शिक्षणाच्या वर्षांत शाळेची वर्षं मिसळायची नाहीत.

कोराकागद

आणि खासगी शिकवण्या?

घोटीव

संस्थेत नेमणूक होती तर ठेवा. घरी घेतलेल्या शिकवण्या मी ठेवणार नाही, तपासायला काही नसतं.

सोनचाफा

घोटीव यांच्याशी बहुतांशी सहमत. शिकवण्यांनी एखादं रिकामं वर्ष भरून निघत असेल तर 'पदे' या भागात एक ओळ असू द्या. रिकाम्या वर्षापेक्षा खरी ओळ बरी.

अर्धविराम

निळीशाई यांच्या शेवटच्या प्रश्नाकडे वळू या. सीव्ही एक की दोन?

एक मोठी मूळ फाइल ठेवा. त्यात सगळं: प्रत्येक सेमिस्टर, तास, विद्यार्थिसंख्या, तयार केलेलं साहित्य. ती कुणाला पाठवायची नाही. सेमिस्टर संपली की त्याच आठवड्यात तिच्यात भर घालायची, कारण दोन वर्षांनी वर्गात किती मुलं होती ते आठवत नाही. प्रत्येक अर्जासाठी तिच्यातून निवडून काढा.

अध्यापनप्रधान जागेसाठी शिक्षण आणि पदे यांच्या लगेच खाली शिकवण्याचा भाग, पूर्ण वर्णनासह, आणि शोधनिबंध नंतर. संशोधनप्रधान जागेसाठी उलट: शोधनिबंध आणि अनुदानं आधी, शिकवण्याच्या नोंदी आटोपशीर. पण संशोधनप्रधान अर्जातूनही शिकवणं गाळू नका. त्या विभागालाही वर्ग चालवायचेच असतात.

आणि कृपा करून सगळं बसवण्यासाठी फॉन्ट बारीक करू नका. समितीतल्या निम्म्या लोकांना चाळिशी लागलेली असते!

तळटीप

माझी चाळिशी नाकावर ठेवूनच हे वाचतोय. दुजोरा देतो. :)

हिवाळी

अर्धविराम यांनी सांगितलेली मूळ फाइल आणखी एका कारणाने हवी. आता काही ठिकाणी याद्यांऐवजी कथनात्मक सीव्ही मागतात. ब्रिटनमध्ये संशोधनाला अनुदान देणाऱ्या यूकेआरआय या संस्थेचा साचा रॉयल सोसायटीच्या २०१९ च्या नमुन्यावर बेतलेला आहे. त्यात चार भाग आहेत: ज्ञानात घातलेली भर, माणसं घडवण्यातला वाटा, संशोधक समुदायासाठी केलेलं काम, आणि व्यापक समाजासाठी केलेलं काम. निळीशाई यांची कार्यशाळा आणि एमएस्सीच्या मुलीचं मार्गदर्शन दुसऱ्या भागात चपखल बसेल. तिथे यादी चालत नाही. काय केलं आणि त्याने कुणाला काय जमू लागलं, हे परिच्छेदात लिहावं लागतं. तपशील आधी नोंदवून ठेवले असतील तरच ते लिहिता येतं.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद समोर ठेवून अध्यापनप्रधान जागांसाठीची मांडणी पुन्हा केली आहे. वर 'पदे', त्यात शाळेची नोकरी आणि टीएशिप तारखांसह. मग:

मुख्य जबाबदारीने केलेले अध्यापन: अर्धा कोर्स (तळटीप यांनी सुचवलेल्या शब्दांत), आणि कार्यशाळा, कारण ती मीच आखली आणि एकटीने घेतली.
तयार केलेले अध्यापन साहित्य: लॅबची पुस्तिका.
सहायक अध्यापन: टीए एका नोंदीत, मग प्रॅक्टिकल्स, मग गेस्ट लेक्चर्स विषयांसह.
मार्गदर्शन: एमएस्सी प्रकल्प.
शालेय अध्यापन.

दोन शंका. एक, कार्यशाळेला क्रेडिट नव्हते. ती 'मुख्य जबाबदारी'त बसवली तर फुगवून सांगितल्यासारखं वाटेल का? दोन, साहित्य आणि मार्गदर्शन यांत एकेकच नोंद आहे, आणि तळटीप म्हणाले होते की एका ओळीसाठी मथळा नको.

तळटीप

कार्यशाळा तिथेच राहू द्या, फक्त 'क्रेडिटविरहित, संशोधक विद्यार्थ्यांसाठी' हे शब्द नोंदीतच घाला. आशय, पद्धत, वेळापत्रक सगळं तुम्ही ठरवलंत. मथळा जबाबदारीबद्दल बोलतोय, क्रेडिटबद्दल नाही.

पुस्तिका प्रॅक्टिकल्सच्या नोंदीत जोडून घ्या आणि ती नोंद टीएच्या वर आणा. काचनळी यांनी नेमकं हेच सांगितलं होतं. मार्गदर्शन स्वतंत्र ठेवा. तो मथळा समिती हटकून शोधते, त्यामुळे त्याला माझा नियम लागू नाही.

दीपमाळ

मार्गदर्शनाचा मथळा ठेवा, हेच म्हणणार होते. आणि ती मुलगी पुढे काय करतेय ते विचारून घ्या. पीएचडीला लागली असेल तर 'सध्या पीएचडी करत आहे' हे चार शब्द तिच्या परवानगीने जोडा.

निळीशाई

तिला आत्ताच मेसेज केला. पुस्तिका हलवली, प्रॅक्टिकल्स वर आणली. संशोधनप्रधान आवृत्ती उद्या करायला घेते, तिथे शिकवण्याचा भाग अर्ध्या पानात बसवायचा आहे.

अर्धविराम

अर्ध्या पानासाठी आधी गेस्ट लेक्चर्स काढा, मग शाळेची नोंद 'पदे'पुरती ठेवा. टीएचं वर्णन एका ओळीवर आणा. अर्धा कोर्स आणि पुस्तिका यांना मात्र हात लावू नका.